नोकरी सुटताना : शेवटचा हिशेब कसा करावा आणि कसा तपासावा

कंपन्यांच्या बोलीत ज्याला ‘फुल अँड फायनल’ म्हणतात, त्या नावाची कोणतीही रक्कम कायद्यात नाही. कायदा ओळखतो तो शेवटच्या दिवसापर्यंतचा पगार, शिल्लक रजेचे पैसे, ग्रॅच्युइटी (दीर्घ नोकरीबद्दल मिळणारी एकरकमी रक्कम), बोनस, फंड (भविष्यनिर्वाह निधी) आणि मालकाने कामावरून कमी केले असेल तर त्याची भरपाई. यांतल्या प्रत्येक रकमेचा कायदा, मुदत आणि दाद मागण्याची जागा वेगळी आहे. या सगळ्यांची एकच बेरीज करून ती एका कागदावर मांडली, की मालकाला वाटते आपण मोकळे झालो, आणि कामगाराला आकडा कमी वाटतो, पण नेमका कोठे कमी पडला ते त्याला सांगता येत नाही. नोकरी सुटतानाचे निम्मे तंटे या बेरजेतून उभे राहतात, असे माझे मत आहे. म्हणून ही बेरीज सोडवून एकेक रक्कम वेगळी कशी करायची, ते महाराष्ट्रातील खाजगी नोकरी समोर ठेवून येथे क्रमाने मांडले आहे.

कायद्याची चौकट अलीकडे बदलली आहे, हे आधी लक्षात घ्यावे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार कामगार संहिता अमलात आल्या आणि त्यांनी २९ जुन्या कायद्यांची जागा घेतली. वेतन संहिता २०१९ ची आहे. औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा आणि व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य या तीन संहिता २०२० च्या आहेत. त्यांच्या जोडीला दुकाने, कार्यालये, हॉटेले आणि आयटी कंपन्या यांच्यासाठी राज्याचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा आहे. तो पूर्वी १० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पूर्णपणे लागू होता. राज्य सरकारने २०२५ मध्ये ही मर्यादा २० वर नेली. अर्जांचे नमुने आणि त्यांचे क्रमांक या बदलात पुन्हा पुन्हा फिरत आहेत, म्हणून ते येथे दिलेले नाहीत.

पहिली पायरी : नोकरी कशी सुटली, ते लेखी ठरवा

कामगाराने स्वतः राजीनामा दिला, मुदतीचा करार संपला, निवृत्तीचे वय झाले, गैरवर्तनाबद्दल बडतर्फी झाली की काम कमी झाले म्हणून मालकाने कमी केले, यांपैकी काय घडले यावर पुढचा जवळजवळ सगळा हिशेब अवलंबून असतो. आणि नेमक्या याच जागी सर्वांत जास्त गडबड होते. काम कमी झाल्यामुळे माणूस काढायचा असतो, पण भरपाई टाळण्यासाठी त्याला बोलावून ‘राजीनामा लिहून दे, अनुभवपत्र चांगले देतो’ असे सांगितले जाते. असा राजीनामा एकदा स्वहस्ते लिहून दिला की तो दबावाखाली दिला हे सिद्ध करण्याचे ओझे कामगारावर येते, आणि ते सोपे नसते. अशा वेळी मजकुरात ‘वैयक्तिक कारणास्तव’ हे शब्द घालू नयेत, आणि सही करावीच लागली तर त्याच दिवशी घडलेला प्रकार व्यवस्थापनाला ईमेलने कळवून ठेवावा. पुढच्या तारखेपासून लागू होणारा राजीनामा, कराराच्या अटी आड येत नसतील तर, ती तारीख येण्यापूर्वी मागे घेता येतो. महिन्याभराने केलेल्या तक्रारीपेक्षा त्याच संध्याकाळी पाठवलेल्या चार ओळींचे वजन जास्त असते.

मालकालाही या पायरीवर सावध राहण्याचे कारण आहे. गैरवर्तनाचा आरोप असेल तर आरोपपत्र, उत्तर देण्याची संधी, चौकशी आणि मग आदेश हा क्रम चुकवू नये. चौकशी चालू असताना कामगाराला निलंबित केले, तर पहिले ९० दिवस वेतनाच्या ५० टक्के आणि त्यानंतर, विलंब कामगारामुळे झालेला नसल्यास, ७५ टक्के निर्वाह भत्ता द्यावा लागतो. ‘उद्यापासून येऊ नकोस’ एवढ्या एका वाक्यावर केलेली बडतर्फी चौकशीअभावी कोसळते. मग खरोखर चोरी करणाऱ्या माणसालाही थकीत पगार मोजण्याची पाळी येते.

दुसरी पायरी : कायद्याच्या दृष्टीने तुम्ही कोण आहात?

औद्योगिक संबंध संहितेत ‘कामगार’ या शब्दाला ठरावीक अर्थ आहे. व्यवस्थापकीय किंवा प्रशासकीय काम करणारे त्यातून वगळलेले आहेत, आणि महिन्याला १८,००० रुपयांहून जास्त वेतन घेऊन देखरेखीचे काम करणारेही. येथे हुद्द्याची पाटी पाहिली जात नाही. रोजचे काम पाहिले जाते. ‘असिस्टंट मॅनेजर’ म्हणून नेमलेला माणूस दिवसभर बिले भरत असेल आणि कोणाची रजा मंजूर करण्याचाही अधिकार त्याला नसेल, तर तो कामगार ठरू शकतो. जे या व्याख्येत बसत नाहीत त्यांना कामावरून कमी केल्याची भरपाई आणि औद्योगिक न्यायाधिकरणाचा मार्ग मिळत नाही. नोकरी संपवण्याबाबतचा त्यांचा वाद करारानुसार दिवाणी न्यायालयात जातो.

पगाराचे मात्र तसे नाही. पूर्वीचा वेतन प्रदान कायदा महिना २४,००० रुपयांपर्यंतच्या पगारालाच लागू होता. वेतन संहितेत अशी मर्यादा नाही, त्यामुळे महिना दीड लाख मिळवणाऱ्या व्यवस्थापकालाही अडकलेल्या पगारासाठी त्या संहितेखाली दावा करता येतो. ही सुधारणा मोठी आहे.

तिसरी पायरी : ‘वेतन’ किती, हे काढा

हिशेबाचा पाया येथे घातला जातो. वर्षानुवर्षे पगारपत्रकात मूळ वेतन मुद्दाम लहान आणि भत्ते मोठे ठेवण्याची रीत होती, कारण फंड आणि ग्रॅच्युइटी मूळ वेतन व महागाई भत्ता यांवरच मोजली जात असे. नव्या संहितांनी वेतनाची व्याख्या एकसारखी केली. घरभाडे भत्ता, प्रवास भत्ता, मालकाचा फंडातला हिस्सा, ओव्हरटाइम, कमिशन वगैरे ठरावीक गोष्टी वेतनात धरायच्या नाहीत, परंतु या वगळलेल्या रकमांची बेरीज एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त भरली, तर जास्तीची रक्कम पुन्हा वेतनात मिळवायची.

उदाहरण म्हणून भोसरीतल्या एखाद्या वर्कशॉपमध्ये ७ वर्षे ८ महिने काम केलेल्या बाईंचा पगार घेऊ. मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून १२,०००, घरभाडे भत्ता ९,६००, प्रवास भत्ता ८,९६० आणि मालकाचा फंडातला हिस्सा १,४४०, असा एकूण मोबदला ३२,००० रुपये आहे. वगळलेल्या रकमा २०,००० होतात. एकूण मोबदल्याचा निम्मा भाग १६,००० आहे. म्हणजे जास्तीचे ४,००० वेतनात परत आले आणि त्यांचे कायदेशीर वेतन १२,००० नव्हे, १६,००० झाले. पगारपत्रकात ‘विशेष भत्ता’ नावाची ओळ असेल तर तिच्याकडे नीट पाहावे. एखाद्या खास खर्चाची भरपाई म्हणून ती दिलेली नसेल, तर निव्वळ नावामुळे ती वेतनातून वगळता येत नाही.

चौथी पायरी : शेवटचा पगार आणि रजा

काढून टाकले, बडतर्फ केले, कमी केले, राजीनामा दिला किंवा आस्थापना बंद पडली, यांपैकी काहीही झाले तरी राहिलेले वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यावे, असे वेतन संहितेचे कलम १७ सांगते. पंचेचाळीस दिवसांनी ‘एफ अँड एफ’ (फुल अँड फायनल) करण्याची अनेक कार्यालयांतली प्रथा या कलमापुढे टिकत नाही. कंपनीच्या धोरणात ती छापलेली असली तरी टिकत नाही. मालकाने यासाठी एक साधी सोय करावी. राजीनामा आल्याच्या दिवशीच हजेरी, रजा, उचल आणि ताब्यातील सामान यांचा तक्ता करायला घ्यावा, म्हणजे शेवटच्या दिवशी धावाधाव होत नाही.

रजेच्या बाबतीत साधारण नियम असा, की काम केलेल्या दर २० दिवसांमागे एक दिवसाची भरपगारी रजा मिळते. दुकाने व आस्थापना कायद्याखाली त्यासाठी वर्षात २४० दिवस काम झालेले हवे आणि रजा ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. कारखान्यांना लागू होणाऱ्या सुरक्षा व आरोग्य संहितेत ही अट १८० दिवसांवर आली आहे, आणि नोकरी सुटताना शिल्लक रजेचे पैसे द्यावेत असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. किरकोळ रजेचे मात्र पैसे होत नाहीत.

कपातीसंबंधी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. संहितेत दिलेल्या कारणांशिवाय पगारातून काही कापता येत नाही, आणि सगळ्या कपाती मिळून त्या पगाराच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत. लॅपटॉप फुटला किंवा मालाचे नुकसान झाले म्हणून पैसे कापायचे असतील, तर ती वस्तू त्या माणसाच्या ताब्यात सोपवलेली असणे, नुकसान त्याच्या हयगयीमुळे झालेले असणे आणि कापण्यापूर्वी त्याचे म्हणणे ऐकून घेणे, हे तिन्ही आवश्यक आहे.

पाचवी पायरी : ग्रॅच्युइटी

१० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेत सलग पाच वर्षे काम केलेल्या प्रत्येकाला ग्रॅच्युइटी मिळते. हुद्दा कोणताही असो, आणि राजीनामा दिला असला तरीही. एकदा हा कायदा लागू झाला की नंतर माणसे दहाच्या खाली गेली तरी तो लागूच राहतो. मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास पाच वर्षांची अट नाही. मुदतीच्या करारावरच्या कामगाराला आता एका वर्षाच्या नोकरीवर, केलेल्या कामाच्या प्रमाणात ग्रॅच्युइटी मिळते. पूर्वी अकरा महिन्यांचे करार पुन्हा पुन्हा करून जी पळवाट काढली जाई, ती वर्षाहून मोठ्या करारांपुरती तरी यामुळे अरुंद झाली आहे.

हिशेब सोपा आहे. शेवटच्या वेतनाला २६ ने भागायचे, आलेल्या रोजाला १५ ने गुणायचे आणि त्याला नोकरीच्या वर्षांनी गुणायचे. सहा महिन्यांहून जास्त उरलेला काळ पूर्ण वर्ष धरला जातो. वरच्या उदाहरणातील बाईंची ७ वर्षे ८ महिने म्हणजे आठ वर्षे झाली. १६,००० रुपये वेतनावर त्यांची ग्रॅच्युइटी ७३,८४६ रुपये होते. जुन्या सवयीने १२,००० धरून हिशेब केला असता तर ५५,३८५ रुपयेच हाती आले असते. फरक १८,४६१ रुपयांचा आहे, आणि तो केवळ तिसऱ्या पायरीवर पडलेला आहे. कमाल मर्यादा २० लाख रुपये आहे.

ही रक्कम देय झाल्यापासून ३० दिवसांत द्यायची असते. उशीर झाल्यास व्याज द्यावे लागते. कामगाराने लेखी अर्ज करावा. तो उशिरा केला एवढ्याच कारणावरून हक्क बुडत नाही, आणि अर्ज आला नाही म्हणून मालकाची जबाबदारीही संपत नाही.

ग्रॅच्युइटी रोखून धरण्याचा अधिकार मालकांना वाटतो तेवढा मोकळा नाही. कामगाराच्या जाणूनबुजून केलेल्या कृत्याने किंवा हयगयीने मालमत्तेचे नुकसान झाले आणि त्यासाठी नोकरी गेली, तर त्या नुकसानीपुरती ग्रॅच्युइटी जप्त होऊ शकते. हिंसक वर्तन किंवा नोकरीच्या ओघात केलेला नैतिक अधःपतनाचा अपराध, यासाठी काढले असेल तर पूर्ण किंवा अंशतः जप्त होऊ शकते. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, या दुसऱ्या कारणासाठी फौजदारी न्यायालयात शिक्षा झालेलीच हवी असे नाही, असे ठरवले. तो निकाल मालकांच्या बाजूचा म्हणून सांगितला जातो. पण त्याच निकालात प्रवाशांच्या भाड्याचे पैसे लाटल्याबद्दल बडतर्फ झालेल्या एसटीच्या वाहकांची जप्ती न्यायालयाने २५ टक्क्यांवर आणली, हे सहसा कोणी सांगत नाही. नोटीस पूर्ण केली नाही हे कारण जप्तीच्या कारणांत कोठेही नाही.

सहावी पायरी : नोटीस, बाँड आणि ‘स्पर्धकाकडे जाणार नाही’ हे कलम

नोटिशीची मुदत कराराने ठरते. दोन्ही बाजूंनी नियुक्तिपत्र काढून तीन गोष्टी पाहाव्यात. मुदत किती आहे, तिच्याऐवजी पैसे भरण्याची सोय आहे का, आणि ते पैसे मूळ वेतनावर मोजायचे की एकूण पगारावर. तिसरी गोष्ट बहुतेक नियुक्तिपत्रांत लिहिलेलीच नसते आणि मग भांडण तिच्यावरूनच होते. नोटीस अपुरी राहिली तर पैशाचा वाद होऊ शकतो, परंतु कोणालाही जबरदस्तीने कामावर ठेवता येत नाही.

प्रशिक्षणाचा किंवा किमान सेवेचा बाँड आपोआप बेकायदा ठरत नाही. मे २०२५ मध्ये एका सरकारी बँकेच्या प्रकरणात, तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट सर्वोच्च न्यायालयाने वैध मानली. त्यावरून कोणताही आकडा चालतो असा अर्थ काढू नये, कारण करार कायद्यानुसार वाजवी नुकसानभरपाईच वसूल होऊ शकते. दोन दिवसांच्या ओळखवर्गाला ‘प्रशिक्षण’ म्हणून पाच लाख मागणाऱ्या मालकाला त्या खर्चाचा पुरावा देता यायला हवा. नोकरी सुटल्यानंतर स्पर्धक कंपनीत काम करण्यास मनाई करणारे कलम मात्र १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम २७ नुसार निरर्थक आहे. कंपनीची गुपिते बाहेर न नेण्याचे बंधन वेगळे. ते नोकरीनंतरही टिकते.

सातवी पायरी : मालकाने कमी केले असेल तर

कामगाराने सलग एक वर्ष काम केले असेल, तर त्याला कमी करताना कारणासह एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढा पगार, आणि प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचे सरासरी वेतन भरपाई म्हणून द्यावे लागते. ही भरपाई ग्रॅच्युइटीच्या ऐवजी नसते, तिच्या जोडीला असते. त्याच प्रकारच्या कामातला शेवटी आलेला माणूस आधी कमी करायचा असतो. हा क्रम मोडायचा तर कारण नोंदवावे लागते. वर्षाच्या आत पुन्हा भरती केली तर कमी केलेल्यांना प्राधान्य आहे. याशिवाय मालकाने प्रत्येक कमी केलेल्या कामगारामागे १५ दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम पुनर्कौशल्य निधीत (कमी केलेल्या कामगारांना नवे कौशल्य शिकता यावे यासाठीच्या निधीत) भरायची आणि ती ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा व्हायची, अशी तरतूद नव्या संहितेत आहे. कारखान्यात ३०० किंवा अधिक कामगार असतील तर सरकारची आधी परवानगी लागते. पूर्वी ही मर्यादा १०० होती.

आठवी पायरी : बोनस आणि फंड

बोनस विसरला जातो, कारण तो नोकरी सुटल्यावर काही महिन्यांनी देय होतो. त्या हिशेबी वर्षात ३० दिवस काम केलेले असले तरी, बोनसची पात्रता असलेल्या कर्मचाऱ्याला त्या काळाच्या प्रमाणात किमान ८.३३ टक्के बोनस मिळतो, आणि वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांत तो द्यायचा असतो. जुलैत नोकरी सोडणाऱ्याने आपले बँक खाते चालू ठेवावे आणि पुढच्या दिवाळीला मागणी करण्यास संकोचू नये.

फंडाच्या बाबतीत मालकाने करायची महत्त्वाची गोष्ट म्हणजे भविष्यनिर्वाह निधीच्या पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख भरणे. ती भरली नाही तर खाते पुढे वर्ग होण्यात अडथळा येतो. शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी सदस्याला ती स्वतःही भरता येते. नवी नोकरी लागणार असेल तर पैसे काढण्यापेक्षा खाते वर्ग करावे, असा माझा आग्रह असतो. पाच वर्षांची सलग सदस्यता नसताना काढलेली रक्कम करपात्र होते, आणि पेन्शनसाठी लागणारी दहा वर्षांची सेवा नोकऱ्या बदलल्या तरी जोडली जाते. ती तोडून हाती येणारे चार पैसे पुढे महाग पडतात.

नववी पायरी : सही करताना

हिशेबाच्या कागदावर प्रत्येक रक्कम आणि कपात स्वतंत्र ओळीत असावी. ‘माझी कोणतीही मागणी शिल्लक नाही’ या छापील वाक्याखाली सही केल्याने कायद्याने दिलेले किमान हक्क संपत नाहीत, तरीही त्या सहीचा पुढे त्रास होतो. आकडा मान्य नसेल तर ‘रक्कम मिळाली, हिशेब मान्य नाही, हक्क राखून स्वीकारले’ असे सहीच्या वर स्वहस्ते लिहावे आणि त्या कागदाचा फोटो काढून ठेवावा. मालकाला खरोखर वाद मिटवायचा असेल, तर वादाची बाब आणि ठरलेला आकडा नमूद करून समझोता करावा. मोघम पावतीवर विसंबू नये. अनुभवपत्र, कार्यमुक्तीचे पत्र आणि कर कपातीचे प्रमाणपत्र यांचा उपयोग दबावासाठी करू नये. शाळा-कॉलेजची मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेणारा मालक तर कोणत्याही मंचापुढे पहिल्या पाच मिनिटांतच सहानुभूती गमावतो.

दहावी पायरी : दाद कोठे आणि किती दिवसांत

पैशाची मागणी आधी लेखी करावी, आकड्यांसह, ईमेलने आणि पोचपावतीच्या टपालाने. थकीत वेतन आणि बोनसचा दावा वेतन संहितेखालच्या प्राधिकाऱ्यापुढे तीन वर्षांच्या आत करता येतो आणि प्राधिकारी दाव्याच्या दहापटीपर्यंत भरपाई ठरवू शकतो. ग्रॅच्युइटीसाठी वेगळा सक्षम प्राधिकारी आहे. फंडाची तक्रार भविष्यनिर्वाह निधी कार्यालयाकडे जाते. बेकायदा काढल्याचा वाद समेट अधिकाऱ्यापुढे न्यायचा असतो, आणि तो उद्भवल्यापासून दोन वर्षे उलटल्यावर अधिकारी त्यात हात घालू शकत नाही. जिल्ह्याच्या कामगार आयुक्त कार्यालयात जाताना नियुक्तिपत्र, शेवटच्या बारा महिन्यांची पगारपत्रके, बँकेचा उतारा, राजीनामा किंवा काढल्याचे पत्र आणि मागणीची प्रत, हे कागद तारखेच्या क्रमाने लावून दोन प्रतींत न्यावेत. एक प्रत दाखल करावी आणि दुसरीवर शिक्का व आवक क्रमांक घेऊनच बाहेर पडावे.